टाचेचा नकाशा

मार्च सरतोय. बाहेर एक्केचाळीस.
ड्रेसिंगच्या खोलीत पंखा गरम हवा
इकडून उचलून तिकडे ठेवतो,
आणि डॉक्टर मॅडम म्हणतात, घाबरू नका मल्लेशम,
ही ज्योत थंड आहे.

पेनाएवढी नळी. टोकाला जांभळी जीभ,
करंगळीच्या पेराहून लहान.
मशीन सहा महिन्यांसाठी आलंय, अभ्यासाला,
मग जिथून आलं तिथं परत.
मी आधी माझ्याच मनगटावर धरून बघितली:
कुणी हळूच फुंकर घालावी, एवढंच.

मल्लेशम गुंडेटी, वय एकसष्ट.
पॉवरलूमवर चौतीस वर्षं, साखर अकरा वर्षं.
लूमखालचा खिळा टाचेत शिरला
तेव्हा त्यांना कळलंच नाही.
पोरीनं फरशीवरचे ठसे बघून विचारलं,
नान्ना, कुंकू कुठं सांडलं?

बावीस वर्षं जखमा धुतेय मी.
वास जेवतानाही नाकात असतो.
ह्या ज्योतीचा वास निराळा.
मी म्हटलं, वीज पडल्यावरचा.
ते म्हणाले, नव्हं शिष्टर,
शेडमध्ये स्टार्टर ठिणगी टाकतो बघा, त्याचा.

मग भाजत कशी नाही?
मॅडमनी समजावलं: घन, द्रव, वायू,
आणि त्याच्याही पुढची पायरी.
विजेच्या फटक्यानं वायूचे कण फुटतात,
हलके इलेक्ट्रॉन भयंकर तापतात,
जड अणू गारच राहतात, आणि गर्दी त्यांची.
मल्लेशम पहिल्यांदा हसले.
म्हणजे आमच्या युनियनची मीटिंग की ओ!
चार पोरं पेटलेली,
बाकीचे शेंगा फोडत बसलेले.
हो, पण जंतू मरतात ते त्या चौघांच्या जिवावर,
मॅडम म्हणाल्या, आणि घड्याळ लावलं. तीन मिनिटं.

सोमवारी मी जखमेवर पारदर्शक कागद ठेवते,
काठ गिरवते, चौकोन मोजते, तारीख घालते.
पोचम्मा विड्या वळते. तिनं पहिला कागद
उजेडात धरला: पत्रा ठेवून कापलेलं एक पान.
पाचव्या सोमवारी: ह्यात विडी बसत नाय आता.
आठव्या: सुपारीचं खांड.

मी एकदा बोलून गेले, कातडी विणली जातेय बघा काका.
ते चिडलेच.
विणणं असं नसतं शिष्टर.
विणायला रात्रपाळीला कुणीतरी उभं राहावं लागतं.
हे विहिरीसारखं भरतंय, तळातनं,
कुणी बघत नसताना.

त्याच आठवड्यांत तामलवाडीहून बसनं येताना
हिप्परग्याचा तलाव दिसायचा,
तोही काठ सोडून आत सरकत चाललेला,
चिखलावर दर सोमवारी नवी रेघ.
इथं आटतंय म्हणून वॉर्डात पेढे,
तिथं आटतंय म्हणून सगळ्यांची तोंडं उतरलेली.
कधीकधी मला दोन्ही नकाशे
एकमेकांवर ठेवलेले दिसायचे.

सात नंबरच्या गंगव्वालाही हीच ज्योत दिली,
तेवढीच मिनिटं, त्याच नळीतून.
तिचा पाय गुडघ्याखाली गेला.
शिरा बंद होत्या. ज्योत रक्त आणत नाही.
हेही मी वहीत लिहिलं, त्याच पेनानं.

नवव्या सोमवारी कागद ठेवला
आणि गिरवायला काही नव्हतं.
नुसती तारीख घातली.
रोज रात्री आरशात टाच बघायची, मी बजावलं.
तोंड तरी कुठं बघितलंय इतक्यांदा, ते म्हणाले.

निघताना थबकले.
नऊ आठवडे तुम्ही विचारता, काय वाटतंय.
पायाला काय वाटणार? तो मेलाय केव्हाच.
जाळलं असतंत तरी कळलं नसतं.
मला खरंच काही बोलता आलं नाही.
प्रत्येक वेळी आधी माझं मनगट पुढे केलं होतं
ते का, हे त्या क्षणी कळलं.

मॅडम बाहेर गेल्या होत्या. मी बटण दाबलं.
त्यांनी धाग्यांनी चरे पडलेला तळवा
जांभळ्या उजेडाखाली धरला,
विस्तवाजवळ धरावा तसा, जपून.
मग जवळ. आणखी जवळ.

चल्लगा उंदी, म्हणाले.
गार आहे.